जंतूंचं विष, रक्तवाहिन्या आणि हृदय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही आयसीयूबाहेर नागपूरकरांबरोबर भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचे आणि हद्दीपलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटचेही नातेवाईक बसलेले असतात. माणसं बदलतात, प्रश्न मात्र ठरलेले. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. तुमच्या रुग्णाचा निर्णय त्याचे डॉक्टरच घेतील. राउंडच्या वेळी ते जे दोन मिनिटांत सांगून जातात ते नीट समजावं, एवढाच या पानाचा उपयोग.

जंतूंचं विष म्हणजे नेमकं काय?

काही जंतू पेशीत घुसून नासधूस करतात, पण बरेच जण दुरूनच वार करतात. हे विष दोन तऱ्हेचं असतं. एक, जंतू जिवंतपणी तयार करून बाहेर सोडतो ते एक्झोटॉक्सिन. घटसर्प, धनुर्वात, पटकी, गॅस गँगरीन ही त्याचीच कामं. ते प्रथिन असतं आणि त्याचा नेम ठरलेला असतो : धनुर्वाताचं विष मज्जातंतू धरतं, घटसर्पाचं हृदयही धरतं.

दुसरं एंडोटॉक्सिन. ई. कोलाय, क्लेब्सिएला अशा ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणाचाच तो भाग. जंतू फुटला की ते मोठ्या प्रमाणात सुटतं. यात एक विचित्र गोष्ट आहे. एंडोटॉक्सिन स्वतः फारसं काही जाळत-कापत नाही. आपल्या संरक्षक पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू धरणारी पेशीवरची खूण) असतो, तो त्याला ओळखतो आणि अंगभर बोंब मारतो. बहुतेक नुकसान पुढच्या त्या धावपळीत होतं. हा ग्राहक ओळखण्याच्या कामासाठी ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

न्यूमोनिया छातीत होता, मग बाबांचं बीपी एकदम काऊन पडलं जी?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

रक्तवाहिनीला आतून फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. त्यावर साखर-प्रथिनांच्या रेणूंचा बुळबुळीत थर असतो. वाहिनी किती आवळायची ते ठरवणं, रक्तातलं पाणी आत धरून ठेवणं आणि रक्त आतल्या आत गोठू न देणं, ही या अस्तराची कामं. विष आणि शरीराने सोडलेली दाहक रसायनं यांच्या माऱ्यात ती तिन्ही एकदम बिघडतात.

आधी नायट्रिक ऑक्साइड बेसुमार तयार होतं आणि वाहिन्या सैल पडतात. मग बुळबुळीत थर झडतो, पेशींमधले सांधे सुटतात, रक्तातलं पाणी झिरपून फुप्फुसात आणि कातडीखाली जमतं. संत्र्याच्या बागेतली मोटर तीच, पाणी तेवढंच, पण ठिबकच्या नळ्या अचानक दुप्पट रुंद झाल्या आणि जागोजागी चिरल्या, तर शेवटच्या झाडाला थेंब मिळत नाही. मूत्रपिंडाचं तसंच होतं. तिसरी गडबड गोठण्याची. अस्तर खराब झालं की बारीक वाहिन्यांत हजारो सूक्ष्म गुठळ्या होतात. त्यात प्लेटलेट आणि गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात. म्हणून एकाच रुग्णाच्या बोटांत रक्त गोठलेलं आणि हिरड्यांतून रक्त येतंय, असं उलटंसुलटं चित्र दिसतं.

नातेवाईकांची तक्रार असते, 'सलाईन लावून लावून अंग सुजवून टाकलं.' सूज खरी आहे. बीपी पडलेल्या किंवा लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) फार चढलेल्या रुग्णाला पहिल्या ३ तासांत वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिली सलाईन देण्याची पद्धत आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ लिटर. गळक्या वाहिन्यांतून त्यातलं बरंच बाहेर पडणारच. तेवढ्याने बीपी उचललं नाही तर नॉरअॅड्रेनालिन सुरू करतात. ते सैल वाहिन्या आवळतं. सरासरी रक्तदाब (वरचा आकडा नव्हे) ६५ च्या वर ठेवणं हे पहिलं लक्ष्य.

इकोत पंपिंग ३० टक्के आलं. अटॅक आला का? अँजिओग्राफी करावी लागेल?

बहुतेक वेळा नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनवरची शरीराची धावपळ भडकून स्वतःचेच अवयव बिघडतात तेव्हा, हृदयाचा स्नायू तात्पुरता दबतो. दाहक रसायनं आणि नायट्रिक ऑक्साइड यांमुळे स्नायूपेशीतली कॅल्शियमची ये-जा आणि ऊर्जानिर्मिती मंदावते, आणि आकुंचन कमजोर होतं. इथे धमनीत ब्लॉकेज असायलाच हवं असं काही नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं येतं, तेही ब्लॉकेजशिवाय येऊ शकतं. १९८४ साली अमेरिकेतल्या पार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की सेप्टिक शॉकमधून (सेप्सिसमुळे बीपी पार पडण्यातून) वाचलेल्या रुग्णांत डाव्या कप्प्याचं पंपिंग साधारण ७ ते १० दिवसांत पूर्ववत होतं. स्नायू मेलेला नसतो, गप्प बसलेला असतो.

याचा अर्थ अटॅक कधीच नसतो असा मात्र घेऊ नका. ईसीजीतले बदल, छातीतलं दुखणं, इकोत भिंतीचा एकच भाग न हलणं, हे असेल तर हृदयरोगतज्ज्ञ वेगळा विचार करतील. पण ताप आणि लघवीच्या इन्फेक्शनने आलेल्या माणसाचा पंपिंगचा आकडा बघून 'आधी स्टेंट टाका' असा आग्रह धरणारे नातेवाईक असतात. तो आग्रह धरू नये, हे माझं स्पष्ट मत.

ताप उतरला न, मग आयसीयूतून काऊन सोडत नाहीत?

कारण आयसीयूत तापाला तुम्ही समजता तेवढा मान नाही. गंभीर सेप्सिसमध्ये, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, अंग थंड पडणं हे तापापेक्षा वाईट लक्षण असू शकतं. नातेवाईक थर्मामीटर विचारतात. डॉक्टर पलंगाला लटकलेली लघवीची पिशवी बघतात. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. ती होतेय, नॉरअॅड्रेनालिनचा पंप कमी-कमी होतोय, लॅक्टेट उतरतंय आणि माणूस नाव विचारल्यावर नीट उत्तर देतोय, तर गाडी रुळावर येतेय. राउंडला ताप विचारण्यापेक्षा 'लघवी किती झाली' आणि 'बीपीचं औषध किती स्पीडने चालू आहे' हे विचारा. उत्तरही पटकन मिळेल.

भारी अँटिबायोटिक चालू आहे, तरी तब्येत बिघडतेच कशी?

अँटिबायोटिक जंतू मारतं. आधीच सुटलेलं विष ते गोळा करत नाही, आणि विषाने पेटवलेली दाहाची साखळी थांबवत नाही. म्हणून शॉकमधल्या रुग्णाला पहिला डोस तासाभरात द्यायचा असतो. उशीर होईल तितकं विष जास्त. काही औषधं जंतूची भिंत फोडतात, तेव्हा थोडं एंडोटॉक्सिन सुटतंही. पण म्हणून औषध लांबवायचं, हा हिशेब चुकीचाच ठरेल.

विष सोडणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकसच्या आजारात पेनिसिलिन-वर्गाच्या औषधाला क्लिंडामायसिनची जोड देतात. ते जंतूचं प्रथिन तयार करणंच बंद पाडतं, आणि या जंतूंचं विष हे प्रथिनच. 'दोन-दोन अँटिबायोटिक कशाला' याचं हे एक उत्तर. दुसरं काम सर्जनचं : पू असेल तर काढावाच लागतो. पू तसाच ठेवून औषधं बदलत बसण्यात काही अर्थ नाही.

घटसर्प तर घशाचा रोग. पोराला पलंगावरून उठू का देत नाहीत?

घटसर्पाचा जंतू घशातच बसून राहतो, रक्तात सहसा शिरत नाही. रक्तात शिरतं त्याचं विष. १८८८ साली पॅरिसमध्ये रू आणि येर्सिन यांनी जंतू गाळून काढलेलं पाणी प्राण्यांना टोचलं आणि तरी रोग उभा राहिला. जंतूशिवाय नुसतं विष मारू शकतं हे त्यातून कळलं. यात आणखी एक गोम आहे : विषाचं जनुक जंतूचं स्वतःचं नसतंच, जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूने ते आणून ठेवलेलं असतं. तो विषाणू अंगात नसलेला घटसर्पाचा जंतू हे विष बनवू शकत नाही.

हे विष पेशीत शिरून प्रथिनं तयार करण्याच्या यंत्रणेतला एक भाग कायमचा निकामी करतं. त्याचा एक रेणू पेशीच्या आत पोचला तरी ती पेशी मरू शकते, असं प्रयोगात दिसलेलं आहे. हृदयाच्या पेशींवर या विषाला धरणारा ग्राहक असतो. घसा सुधारायला लागतो त्याच सुमारास, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, हृदयाचा दाह दिसू लागतो. नाडी मंद पडते, ईसीजीत हार्ट ब्लॉक येतो (ठोक्याचा विजेचा संदेश अडतो; हे धमनीतलं ब्लॉकेज नव्हे). पोरगं खेळायला मागतं, घरचे म्हणतात बरं झालं, आणि नेमका तेव्हाच धोका असतो. म्हणून सक्तीची विश्रांती आणि रोजचा ईसीजी.

घशात राखाडी, चामड्यासारखा पापुद्रा दिसला तर तो खरवडून बघू नका. ओढला की रक्त येतं. मान बैलासारखी सुजली असेल तर अजिबात थांबू नका. अँटिटॉक्सिन घोड्याच्या रक्तद्रवापासून करतात आणि ते फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष निष्प्रभ करतं. पेशीत गेलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. घशाचा रिपोर्ट यायची वाट न बघता डॉक्टर ते का देतात, हे यावरून कळेल.

घसा दुखून पुढे व्हॉल्व्ह खराब होतो, तेही विषानेच का?

नाही. तो संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीव्हर). स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध शरीराने केलेलं संरक्षण चुकून हृदयाच्या झडपांवर उलटतं, कारण जंतूचं एक प्रथिन आणि हृदयातली काही प्रथिनं दिसायला सारखी असतात. एएसओ ही तपासणी याच जंतूच्या स्ट्रेप्टोलायसिन-ओ या विषाविरुद्धच्या प्रतिपिंडांची, त्यामुळे गोंधळ होतो. एएसओ वाढलं म्हणजे पूर्वी कधीतरी घसा आला होता एवढंच. नुसत्या त्या आकड्यावर वर्षानुवर्षं पेनिसिलिन घेऊ नका. पण निदान पक्कं असेल तर दर २१ दिवसांचं इंजेक्शन एकही चुकवू नका.

न्यूमोनियातून उठलेल्या काकांना महिन्यात अटॅक आला. संबंध आहे का?

असू शकतो. न्यूमोनियानंतर अटॅकचा धोका वाढतो, पहिल्या काही दिवसांत सर्वात जास्त, आणि पुढेही बराच काळ थोडा वाढलेलाच राहतो. दाहामुळे धमनीतला जुना चरबीचा थर फुटू शकतो आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. शिवाय न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकस या जंतूकडे न्यूमोलायसिन नावाचं विष आहे. ते पेशीच्या पडद्यातल्या कोलेस्टेरॉलला चिकटून भोक पाडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या जंतूने हृदयाच्या स्नायूत सूक्ष्म जखमा केलेल्या दिसल्या आहेत. न्यूमोनिया बरा झाला म्हणून हृदयाची जुनी औषधं स्वतःच्या मनाने बंद करणारे बरेच भेटतात. तसं करू नका.

गावाकडे पोळ्याच्या सुमारास तापाची साथ येते. स्क्रब टायफसमध्ये कोणतं विष असतं?

खरं तर कोणतंच ओळखीचं विष नसतं, तरी हा रोग या पानावर हवाच. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याने बरेच बळी घेतले. मारबतीला आपण 'रोगराई घेऊन जा' म्हणतो, आणि त्याच दिवसांत कमरेइतक्या गवतात, झुडपांत माइट नावाच्या किड्याच्या बारीक अळ्या, म्हणजे चिगर, चावतात. अळी इतकी लहान की चावलेलं कळतही नाही. त्या चाव्यातून आलेला स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया हा जंतू थेट रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीत शिरून तिथेच वाढतो. विष दूरवरून जे करतं ते हा जंतू आत बसून करतो : वाहिन्या गळतात, फुप्फुसात पाणी भरतं, मूत्रपिंड अडतं, क्वचित हृदयाच्या स्नायूचा दाह होतो.

चावलेल्या जागी काळी खपली पडते. तांबूस कडा, मधे सिगारेटने भाजल्यासारखा काळा ठिपका. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्तनाखाली, कानामागे असते. पावसाळ्यात पाच-सात दिवस न उतरलेला ताप असेल तर कपडे काढून या जागा बघायलाच हव्यात; लाज बाजूला ठेवा. डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिनने हा आजार बरा होतो. सेफ्ट्रिअॅक्सोनला मात्र दाद देत नाही, त्यामुळे 'भारी इंजेक्शन' चालू असूनही रुग्ण खालावत जातो. डॉक्टरांना 'शेतात गेलो होतो', 'गवत कापलं होतं' हे न विचारता सांगा.

शेतात पाय कापला, चार दिवसांत काळा पडला. सर्जन म्हणतात पाय काढावा लागेल. एवढ्या लवकर?

गॅस गँगरीन असेल तर तासांचा हिशेब असतो. मातीतला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स प्राणवायू नसलेल्या खोल जखमेत वाढतो. त्याचं अल्फा टॉक्सिन पेशींचे पडदे विरघळवतं. शिवाय ते प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींचे गोळे करून वाहिन्याच बुजवतं. त्यामुळे पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोचतच नाहीत. सर्जनने कापल्यावर पू दिसत नाही, स्नायू शिजवल्यासारखा दिसतो आणि त्यातून रक्त येत नाही. कातडी दाबली की आत कुरकुर लागते. हे विष रक्तात गेलं की हृदयाचं आकुंचनही कमी करतं. अशा जखमेवर शेण, चुना किंवा हळद भरून घट्ट पट्टी बांधणं म्हणजे जंतूला हवी तशी खोली करून देणं. धनुर्वाताची भीतीही तिथेच.

मे महिन्यात ताप आणि बरळणं, म्हणजे ऊनच लागलं ना?

नागपूरच्या मे महिन्यात असं वाटणं साहजिक आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. दुपारभर घराबाहेर न पडलेली, लघवीला जळजळ असलेली, शुगरची आजी बरळायला लागली तर पन्हं पाजत बसू नका. तो सेप्सिस असू शकतो. उलट खऱ्या उष्माघातात अंगाचं तापमान ४० अंशांवर जातं, आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि तिथल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन रक्तात उतरू शकतं. म्हणजे दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात. उष्माघात असेल तर दवाखान्यात नेतानेताच अंग ओलं करून वारा घाला.

पटकीचं विष हृदयाला लागतं का?

थेट नाही. ते आतड्यातून पाणी बाहेर ओढतं. हे विष कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलं. बीपी पडतं ते पाणी आणि क्षार गेल्याने; ओआरएस आणि सलाईनने माणूस काही तासांत उभा राहतो.

मुलाला रक्ताची हगवण झाली, आठवड्याने लघवी कमी झाली. काय असेल?

लगेच मुलांच्या डॉक्टरांकडे जा. शिगेला आणि ई. कोलायच्या काही जाती शिगा टॉक्सिन सोडतात. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांच्या अस्तरावर या विषाला धरणारा रेणू भरपूर असतो. तिथे गुठळ्या होतात, त्यांतून जाताना लाल पेशी फाटतात, प्लेटलेट घटतात. चेहरा पांढरा पडणं, सूज, लघवी कमी होणं ही खूण. रक्ताच्या हगवणीत जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका.

उकळलं की विष जातं का?

सगळं नाही. घटसर्पाचं विष उष्णतेने मोडतं. स्टॅफिलोकॉकसचं अन्नातलं विष मात्र उकळूनही टिकतं, म्हणून रात्रभर बाहेर राहिलेली लग्नातली बासुंदी सकाळी उकळून उपयोग नसतो. एंडोटॉक्सिन तर आणखी चिवट. काचेच्या बाटल्यांवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. सलाईन आणि इंजेक्शनांत ते नाही ना, हे तपासायला हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तातला अर्क कित्येक वर्षं वापरला जातोय.

बोटं काळी पडली. औषधाने की रोगाने?

बहुधा दोन्हींनी. बारीक गुठळ्या रोगाच्या, त्यात वाहिन्या आवळणारं औषध. ते बंद केलं तर बीपी पडून माणूस जातो. डॉक्टर बोटांपेक्षा जीव निवडतात.

विष बाहेर काढायला काढा किंवा डिटॉक्स?

नाही. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

घरी असताना काय बघायचं?

श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. ताप असलेल्या मोठ्या माणसात २२ किंवा जास्त, नवीन गोंधळलेपण, वरचं बीपी १०० किंवा खाली, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर सकाळची वाट बघू नका. सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तरी तेच. बोटाचं टोक १० सेकंद घट्ट दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा पुन्हा लाल व्हायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्त टोकापर्यंत पोचत नाहीये. एवढी साधी गोष्ट, पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या खुणेवर उपचार ठरवणं लॅक्टेट मोजून ठरवण्यापेक्षा कमी पडलं नाही. एक मेख मात्र लक्षात ठेवा : सेप्सिसच्या सुरुवातीला वाहिन्या सैल असल्याने हात गरम आणि लालही राहू शकतात. म्हणून हात गरम आहे यावर समाधान मानू नका, श्वास आणि शुद्ध बघा. अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर १०८ ला फोन करा.

यातलं लसीने काय टळतं?

घटसर्प आणि धनुर्वात, दोन्ही. बाळाला ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५ वर्षांनंतर बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षी टीडी. शेवटचे दोन डोस नागपुरात काय, कुठेही, सहज विसरले जातात. न्यूमोकॉकसची लस सरकारी वेळापत्रकात ६ आणि १४ आठवडे व ९ महिन्यांना मोफत आहे. साठी ओलांडलेल्यांनी, शुगर किंवा हृदयरोग असलेल्यांनी तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं.

सुट्टी झाली. आता हृदयाचं काय?

दाखल असताना पंपिंग कमी आलं असेल तर काही आठवड्यांनी इको पुन्हा करा आणि दोन्ही रिपोर्ट एकाच फाईलमध्ये ठेवा. पायऱ्या चढताना धाप लागणं, पायाला सूज, आडवं झोपल्यावर श्वास कोंडणं, हे अशक्तपणावर ढकलू नका. आधीच खराब झडप असलेल्याला परत ताप आला तर मेडिकल स्टोअरमधून अँटिबायोटिक घेण्याआधी ब्लड कल्चर करून घ्या. दोन गोळ्या पोटात गेल्या की झडपेवर बसलेला जंतू कल्चरमध्ये बरेचदा सापडत नाही.